ताम्हण फुलवायचे, तर तीन उन्हाळे सांभाळा

एप्रिल संपता संपता आंदर मावळाचा रंग पार बदललेला असतो. भातखाचरे भेगाळलेली असतात, डोंगरउतारावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, कुठे वणव्याने काळवंडलेले असते आणि लहान ओढ्यांत पाण्याऐवजी केवळ गोटे उरलेले असतात. अशा दिवसांत एखाद्या ओढ्याच्या वळणावर, विहिरीच्या काठी किंवा एखाद्या अंगणात जांभळ्या फुलांचे उभे तुरे ल्यालेले झाड दिसले, तर ते बहुधा ताम्हणाचे असते. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ऐन भरात येणारे हे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. आंब्याला राज्यवृक्षाचा, शेकरूला राज्यप्राण्याचा आणि हरियालाला राज्यपक्ष्याचा मान आहे, तसाच ताम्हणाला राज्यपुष्पाचा. तरीही आंबा न ओळखणारा माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण आणि ताम्हण ओळखणारा सापडणे त्याहून कठीण, अशी स्थिती आहे.

गेल्या काही वर्षांत वृक्षारोपणाच्या निमित्ताने ताम्हणाची रोपे खेडोपाडी पोहोचू लागली आहेत. मात्र जुलैत लावलेल्या रोपांपैकी पुढच्या मे महिन्यात किती उरतात, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ताम्हण हे मुळात पाण्याकाठचे झाड आहे. त्याला योग्य जागा दिली आणि पहिले तीन उन्हाळे सांभाळले, तर पुढे ते माणसाकडे फारसे काही मागत नाही. जागा चुकली, तर मात्र कितीही हौस असली तरी ते तग धरत नाही. आंदर मावळासारख्या खोऱ्यात, जिथे चार महिने पाणी मावत नाही आणि उरलेल्या महिन्यांत ते जपून वापरावे लागते, तिथे ही गोष्ट अधिकच लक्षात घेण्याजोगी आहे.

घरासमोरचे राज्यपुष्प

झाडाच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान देण्याची प्रथा अन्यत्रही आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने १९१८ मध्ये आणि नॉर्थ कॅरोलिना राज्याने १९४१ मध्ये ‘डॉगवुड’ या झाडाच्या फुलाला हा मान दिला. जपानने १९१२ मध्ये वॉशिंग्टन शहराला चेरीची झाडे भेट दिली, तेव्हा त्या भेटीची परतफेड म्हणून अमेरिकेने १९१५ मध्ये जपानला डॉगवुडची रोपे पाठविली होती. वसंतात पांढऱ्या किंवा गुलाबी रंगाने बहरणारे हे लहानखुरे झाड तेथे घरोघरी अंगणात हौसेने लावले जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ते परिचयाचे असते.

डॉगवुड मावळात लावता येईल का, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. फुलण्यासाठी त्या झाडाला दीर्घ आणि कडक थंडीची विश्रांती लागते. ती सह्याद्रीत मिळत नाही. शिवाय परदेशी झाडाच्या मागे लागण्याचे कारणही नाही. अंगणात लावता येईल असे, दरवर्षी हमखास फुलणारे आणि राज्याची ओळख असलेले झाड ताम्हणाच्या रूपाने आपल्याकडे आहेच. उणीव आहे ती त्याला अंगणापर्यंत आणण्याची.

ओळख

ताम्हणाला ‘तामण’ आणि ‘मोठा बोंडारा’ अशीही नावे आहेत. हिंदी व बंगालीत त्याला ‘जारूल’ म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव ‘लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा’ असे आहे. माग्नुस फॉन लागरस्ट्रॉम हे स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक होते. पूर्वेकडील वनस्पतींचे नमुने ते लिनियस या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाला मिळवून देत. त्यांच्या स्मरणार्थ लिनियसने १७५९ मध्ये या प्रजातीला त्यांचे नाव दिले. ‘स्पेसिओसा’ म्हणजे देखणी. मेंदी, डाळिंब आणि सह्याद्रीत सर्वत्र दिसणारी लाल फुलांची धायटी ही ताम्हणाच्याच कुळातील मंडळी होत.

मोकळ्या जागेत ताम्हण साधारण १० ते १५ मीटर उंच वाढते. साल फिकट करडी असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. पाने मोठी, लांबट आणि समोरासमोर किंवा जवळजवळ समोरासमोर येतात. हिवाळ्याच्या अखेरीस ती तांबूस होऊन गळतात आणि झाड काही काळ उघडे राहते. नवी पालवी फुटल्यावर फांद्यांच्या टोकांना फुलांचे उभे तुरे येतात. फूल ५ ते ७ सेंटिमीटर रुंद असते. त्याला सहा पाकळ्या असतात आणि त्या चुरगळलेल्या तलम कापडासारख्या दिसतात. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. तुरा खालून वर उमलत जातो. त्यामुळे एकाच तुऱ्यात तळाशी फिकट झालेली जुनी फुले, मध्ये गडद जांभळी ताजी फुले आणि टोकाशी कळ्या दिसतात. या फुलांत मध नसतो, परंतु पराग विपुल असतात आणि त्यासाठी भुंगे व मधमाश्या त्यांवर येतात.

फुलांनंतर सुपारीएवढी गोल, टणक बोंडे धरतात. तळाशी सहा टोकांचे निदल चिकटलेले हे बोंड लाकडाच्या कोरीव कामासारखे दिसते. वाळल्यावर ते पाच-सहा फाकांत उकलते आणि आतील पंखधारी बिया वाऱ्यावर पसरतात. रिकामी बोंडे पुढच्या बहरापर्यंत फांद्यांवर टिकतात. त्यामुळे फुले नसतानाही झाड ओळखता येते.

खरेदी करताना मात्र सावध राहावे. जांभळी फुले पाहून नीलमोहराला अनेकदा ताम्हण समजले जाते. नीलमोहराची पाने चिंचेसारखी बारीक पर्णिकांची आणि फुले नळीच्या आकाराची असतात. ताम्हणाचे पान एकसंध आणि तळहातापेक्षा लांब असते. आग्नेय आशियातून आलेली, लहान फुलांची आणि पावसाळ्यात बहरणारी लॅगरस्ट्रोमियाची दुसरी एक जातही रोपवाटिकांत मिळते. तीही सुंदर आहे, पण ती आपले राज्यपुष्प नव्हे.

खोऱ्याचा स्वभाव आणि जागेची निवड

इंद्रायणीला मिळणाऱ्या आंद्रा नदीचे खोरे म्हणजे आंदर मावळ. टाकवे बुद्रुक हे त्याचे प्रवेशद्वार. तेथून वडेश्वर, खांडी, सावळा अशी गावे पार करत पश्चिमेला गेले, की घाटाची धार लागते आणि कुसूर घाट उतरला, की कोकण सुरू होते. या खोऱ्यातील ठोकरवाडी धरण १९२२ मधील आहे. त्याचे पाणी घाटाखालच्या भिवपुरी येथील टाटांच्या जलविद्युत केंद्राकडे जाते.

ताम्हण निसर्गतः अधिककरून घाटाखालच्या बाजूचे, कोकणातील नद्या-ओढ्यांच्या काठचे झाड आहे. घाटमाथ्यालगतचा पाऊस आणि तांबडी, किंचित आम्लधर्मी माती त्याला मानवते. चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात. तशी जमीन या खोऱ्यात सहसा नसते, ही जमेची बाजू. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो. दुसरी म्हणजे घाटमाथ्याजवळ कितीही पाऊस पडला, तरी उतारावरील माती पातळ असल्याने ते पाणी थांबत नाही. जुलैत जिथे पाय रुततो, तिथेच मार्चमध्ये मुरूम उघडा पडतो.

म्हणून आंदर मावळात ताम्हणासाठी जागा पावसाच्या आकड्यावरून ठरवू नये. मार्च महिन्यात खोऱ्यात फेरी मारावी आणि जमिनीत ओल कुठे टिकली आहे, ते पाहावे. ओढ्याचा काठ, विहिरीचा परिसर, पाझर तलावाची खालची बाजू, सांडपाणी मुरते ती परसातील जागा आणि भातखाचरांचे ओढ्याकडील कडेचे बांध या ताम्हणाच्या जागा होत. पावसाळ्यात काही दिवस पाणी साचते म्हणून जिथे इतर शोभेची झाडे कुजतात, तिथे मूळ धरलेले ताम्हण टिकते. हा त्याचा मोठा गुण आहे.

खाचरांच्या मधल्या बांधांवर मात्र ते लावू नये. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेल्या ‘इंद्रायणी’ भाताने मावळाला नाव मिळवून दिले. त्या भाताला पावसाळ्यातील तुटपुंजे ऊन पुरेपूर मिळायला हवे. फुलांच्या हौसेपोटी पिकावर सावली पाडणे शेतकऱ्याला परवडणारे नाही.

उघड्या पठारावर आणि मुरमाड उतारावरही ताम्हणाचा हट्ट धरू नये. तेथे बहावा, पळस, पांगारा ही झाडे अधिक शोभतात आणि टिकतातही. घरालगत लावायचे असल्यास भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर ठेवावे. दोन झाडांमध्ये सहा ते आठ मीटर अंतर असावे. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी, कारण सावलीत झाड जगते, परंतु बेताचेच फुलते.

बियांपासून रोप

रोपवाटिकेतून रोप आणणे सोपे असले, तरी बियांपासून रोपे करणे अवघड नाही. बोंडे गडद तपकिरी होऊन टोकाशी उकलू लागली, की डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान ती तोडून घ्यावीत. कागदावर किंवा कापडावर पसरून उन्हात ठेवली, की बिया आपोआप बाहेर पडतात. वाऱ्यात उफणू नये. बिया हलक्या असल्याने उडून जातात.

मार्चमध्ये माती, बारीक वाळू आणि चाळलेले शेणखत समप्रमाणात मिसळून गादीवाफा किंवा पसरट कुंडी भरावी. बिया वर पसरून त्यांवर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. झारीने हलके पाणी द्यावे आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा. दोन आठवड्यांनंतर उगवण सुरू होते आणि पुढे महिनाभर थोडी थोडी होत राहते. पुष्कळ बिया पोकळ असतात. त्यामुळे पेरलेल्या बियांपैकी थोड्याच उगवल्या, तर निराश होऊ नये. गरजेपेक्षा कितीतरी अधिक बिया पेराव्यात, हाच त्यावर उपाय. वाफ्यात पाणी साचले, तर कोवळी रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. म्हणून माती ओलसर हवी, चिखल नको.

रोपाला चार-सहा पाने आली, की ते पिशवीत हलवावे. पहिले काही महिने त्याची वाढ मंद असते. त्याच वर्षीच्या पावसात बोटभर रोप जमिनीत लावण्याची घाई करू नये. वर्षभर पिशवीत वाढलेले, दोन-अडीच फुटांचे आणि जाड बुंध्याचे रोप पुढच्या पावसाळ्यात लावले, तर ते टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

रोपवाटिकेतून रोप घेतानाही उंचीपेक्षा बुंधा पाहावा. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेले रोप घेऊ नये. अशा रोपाची मुळे पिशवीत गोल फिरलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती बाहेर पसरत नाहीत.

खड्डा आणि लागवड

मे महिन्यात दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा काढून तो तापू द्यावा. वरच्या थराची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकावा. भरताना वरची माती आणि दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. मुरूम पुन्हा खड्ड्यात न टाकता आळ्याच्या बांधासाठी वापरावा. कच्चे शेणखत घालू नये. त्याने हुमणी व वाळवी यांना आमंत्रण मिळते.

पहिले दोन दमदार पाऊस झाल्यावर जूनमध्येच लागवड करावी. लागवड जुलै-ऑगस्टपर्यंत लांबली, तर मुळे पसरण्यासाठी मिळणारा काळ तेवढा कमी होतो आणि त्याची किंमत मार्चमध्ये मोजावी लागते. पिशवी पूर्ण काढून, मुळांभोवतीची माती न फोडता रोप खड्ड्यात ठेवावे. पिशवीत बुंधा जितका मातीत होता, तितकाच जमिनीत राहील असे पाहावे.

येथे खोऱ्याच्या दोन टोकांना दोन रीती वापराव्यात. खांडी-सावळ्याच्या बाजूला, जिथे पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही, तिथे खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरून रोप उंचवट्यावर लावावे. मोठे झाड पाणी सोसते, परंतु नुकतेच लावलेले रोप सतत बुडून राहिले तर गुदमरते. टाकव्याच्या बाजूला मात्र सपाट आळे करावे आणि सप्टेंबरमध्ये ते खोलगट करून घ्यावे, म्हणजे परतीच्या पावसाचे पाणी मुळाशी मुरते. दोन्हीकडे वाऱ्याचा जोर मोठा असल्याने रोपाला बांबूचा आधार द्यावा आणि सुती दोरीने सैल बांधावे.

हिशोब हंड्यांचा

ताम्हणाच्या लागवडीतील खरी कसोटी पावसाळा संपल्यावर लागते. पहिल्या वर्षी मुळे खड्ड्याबाहेर फारशी गेलेली नसतात. फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत साधारण १७ आठवडे होतात. आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक हंडा म्हणजे सुमारे १५ लिटर पाणी द्यायचे, तर एका रोपाला पहिल्या उन्हाळ्यात सुमारे ५०० लिटर पाणी लागते. १० रोपांना ५ हजार लिटर आणि १०० रोपांना ५० हजार लिटर.

हा हिशोब लागवडीपूर्वी करणे अत्यावश्यक आहे. खोऱ्यात धरणाचा जलाशय दिसत असला, तरी वाडीवरच्या रोपापर्यंत पाणी कुणीतरी वाहूनच न्यावे लागते आणि हे काम बहुधा घरातील बायकांच्या वाट्याला येते. ज्या घरात पिण्याचा हंडा लांबून आणावा लागतो, तिथे रोपांसाठी रोज हंडे ओतले जातील, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून रोपे किती लावायची, हे खड्ड्यांच्या संख्येवरून ठरवू नये, उन्हाळ्यात किती हंडे हाताशी असतील त्यावरून ठरवावे. जुलैत १०० रोपे लावून मेमध्ये पाच उरण्यापेक्षा १० लावून आठ जगविणे केव्हाही चांगले.

पाण्याची बचत करण्याचे मार्ग आहेत. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती वात घातलेले मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरले, तर पाणी झिरपत मुळांपर्यंत जाते आणि उन्हाने उडून जात नाही. भांडी घासल्याचे राखेचे पाणी, धान्य-भाजी धुतलेले पाणी परसातील झाडाला खुशाल द्यावे. साबणाचे पाणी सतत एकाच झाडाला देणे मात्र टाळावे.

आळ्यात आच्छादन हवेच. सर्वसाधारणपणे पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा सुचविला जातो. परंतु वणव्याची भीती असलेल्या आंदर मावळाच्या उतारांवर वाळका पाला म्हणजे आगीला सरपणच. अशा जागी ओढ्यातील चपटे गोटे आळ्यात बुंध्यापासून थोडे दूर मांडावेत. ओल टिकते, तण येत नाही आणि आग लागली तरी ती बुंध्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी द्यावे. वरचेवर थोडे पाणी दिले तर मुळे वरच राहतात. खोल ओल मिळाली तर ती खाली जातात. तिसऱ्या उन्हाळ्यात १० ते १५ दिवसांनी एकदा पाणी पुरते. ओढ्याकाठी योग्य जागी लावलेले झाड त्यानंतर आपले पाणी आपण शोधते. उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गळाली म्हणजे रोप मेले, असे समजू नये. पानगळ हा त्याचा स्वभाव आहे. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे.

वणवा, राब आणि शेळ्या

पाण्याखालोखाल मोठा शत्रू आग. ताम्हणाची साल पातळ असल्याने त्याला आग सोसत नाही. डोंगरावरून उतरणारा एक वणवा तीन वर्षांची मेहनत काही मिनिटांत नष्ट करतो. म्हणून पावसाळा संपताच, गवत हिरवे असतानाच ते रोपाभोवती दोन मीटरपर्यंत कापून टाकावे. ओळीने लागवड असेल, तर उताराच्या बाजूने तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा जानेवारीपूर्वी काढून ठेवावी.

मावळात भाताच्या रोपवाटिकेची जागा शेण, पालापाचोळा पसरून भाजण्याची, म्हणजे राबाची जुनी पद्धत आहे. बांधावर ताम्हण लावताना राबाची जागा कोणती, हे आधी पाहावे आणि तिच्यापासून दूर राहावे. राबासाठी ऐन व इतर झाडांचा टहाळ तोडला जातो. कोवळ्या ताम्हणावर कोयता चालू नये, यासाठी बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढून खूण केल्यास उपयोग होतो.

भातकापणी झाली, की गुरे-शेळ्या मोकळ्या सुटतात. कोवळा शेंडा एकदा खुडला गेला, की झाड झुडपासारखे पसरते. लोखंडी जाळी सर्वांना परवडत नाही. करवंदाच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्या रोपाभोवती रोवल्या, तरी काम भागते. मात्र त्या दरवर्षी बदलाव्या लागतात आणि उन्हाळ्यात वाळलेले काटे आगीपासून जपावे लागतात. शेंडा माणसाच्या डोक्याच्या वर गेला, की ही चिंता मिटते.

छाटणी, खत आणि कीड

ताम्हणाला फुले चालू हंगामाच्या नव्या फुटीवर येतात. त्यामुळे छाटणी पानगळीच्या काळात, जानेवारी-फेब्रुवारीत, नवी पालवी फुटण्यापूर्वी करावी. पालवी फुटल्यानंतर छाटले, तर त्या वर्षीची फुलेच छाटली जातात. पहिल्या तीन वर्षांत जमिनीपासून पाच-सहा फुटांपर्यंतच्या बाजूच्या फांद्या हळूहळू काढून एक सरळ खोड तयार करावे. त्यानंतर वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढणे पुरेसे असते. जुन्या बोंडांचे घोस काढल्यास झाड नेटके दिसते. बी हवे असेल, तर काही घोस अवश्य ठेवावेत. रस्त्याकडेच्या झाडांचा माथा सरसकट उडविण्याची पद्धत मात्र घातक आहे. त्यातून फुटणारे धुमारे कमकुवत असतात आणि वादळात प्रथम तेच मोडतात.

खताची गरज बेताची असते. पावसाळ्याच्या सुरुवातीस आणि सप्टेंबरमध्ये एकेक घमेले शेणखत किंवा गांडूळखत आळ्यात मिसळावे. युरियाचा मारा केल्यास पाने माजतात, फुले कमी येतात आणि कोवळ्या फुटीवर मावा जमतो. माव्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. सुरुवातीलाच पाण्याचा जोरदार फवारा आणि त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क फवारल्यास ती आटोक्यात येते. हिवाळ्यात कोवळ्या पानांवर भुरी दिसल्यास ती पाने काढून फांद्या विरळ कराव्यात, म्हणजे हवा खेळते. खोडावर भुश्याची जाळी दिसली, तर आत साल खाणारी अळी आहे असे समजावे. जाळी खरवडून छिद्रात तार घालून अळी नष्ट करावी आणि छिद्र चिखलाने बुजवावे.

फुलांपलीकडे

बियांपासून वाढविलेले ताम्हण चांगल्या जागी साधारण चार ते सहा वर्षांत फुलू लागते. पहिल्या बहरात दोन-चारच तुरे येतात. त्यानंतर ते दरवर्षी वाढत जातात. ओढ्याकाठच्या ताम्हणाची मुळे माती धरून ठेवतात आणि अतिवृष्टीत काठ ढासळत असलेल्या खोऱ्यात हा उपयोग फुलांइतकाच मोलाचा आहे. त्याचे तांबूस लाकूड कठीण असून पाण्यात टिकते. आसाम, बंगाल आणि म्यानमारमध्ये ते नावा, गाड्या आणि बांधकामासाठी नावाजलेले आहे. फिलिपिन्समध्ये याच झाडाला ‘बानाबा’ म्हणतात आणि त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतला जातो. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असे प्रयोग करू नयेत.

मावळात जमिनी विकल्या जात आहेत, नवी घरे उठत आहेत आणि त्यांच्या अंगणांत शोभेची झाडेही येत आहेत. त्यांत राज्यपुष्पाला एक जागा मिळणे कठीण नाही. गावाने ठरविले, तर शाळेच्या विहिरीजवळ, मंदिरामागच्या ओढ्याकाठी किंवा पाणवठ्यावर चार-पाच झाडे सहज वाढू शकतात. प्रत्येक झाडाची जबाबदारी एका घराने घ्यावी आणि झाडांची मोजणी लावल्याच्या दिवशी न करता पुढील तीन वर्षे दर १ मे रोजी करावी. तिसऱ्या महाराष्ट्र दिनी जे झाड उभे असेल, ते पुढे आपल्या बळावर वाढेल आणि आणखी दोन-तीन वर्षांनी त्याच दिवशी जांभळे तुरे घेऊन उभे राहील.